प्रश्न विद्यार्थ्याचा असू द्या: भौतिकशास्त्र अभ्यास मंडळांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
भौतिकशास्त्र अभ्यास मंडळे,
महाराष्ट्रातील विद्यापीठे

विषय: बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांचे स्वतंत्र संशोधन प्रकल्प आणि त्यांचं मूल्यमापन

सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारचा अभ्यासक्रम स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला. फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग, चौथ्या वर्षाचा संशोधन प्रकल्प हे शब्द आता आमच्या वेळापत्रकात आले आहेत. येत्या काही बैठकांमध्ये आपण या प्रकल्पांचे नियम आणि गुणांची विभागणी ठरवाल. एकदा ठरलं की ते पुढची पाच-सात वर्षं तसंच राहतं, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे. म्हणून आत्ताच लिहिते आहे. मी तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. हे पत्र तिथल्या प्रयोगशाळेतून आलं आहे असं समजा.

आधी विद्यार्थ्याचं एक जर्नल, म्हणजे प्रयोगवही, उघडून बघू. बार पेंड्युलमचा, म्हणजे लोलकासारख्या झुलणाऱ्या धातूच्या पट्टीचा प्रयोग, गुरुत्वत्वरण काढायचं. बॅचमध्ये वीस मुलं. बहुतेकांचं उत्तर ९८० किंवा ९८१ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग. आपण सारे भौतिकशास्त्राची माणसं आहोत, तेव्हा हा आकडा जरा थांबून पाहावा अशी विनंती. ९८१ ही लंडनच्या अक्षांशाची किंमत. मुंबईत ती साधारण ९७८.६ आहे आणि पुण्यात उंचीमुळे आणखी थोडी कमी. आता हाताने स्टॉपवॉच दाबताना दोन दशांश सेकंदांची चूक सहज होते. २० आंदोलनांना ३२ सेकंद लागत असतील तर आवर्तकालात अर्ध्या टक्क्याहून जास्त आणि गुरुत्वत्वरणात टक्का-सव्वा टक्का अनिश्चितता येते. म्हणजे एकेका रीडिंगवरून ९७० पासून ९९० पर्यंत काहीही निघू शकतं. वेगवेगळ्या लांब्या घेऊन आलेख काढला की हा पसारा कमी होतो, पण वीसपैकी बहुतेक जण लंडनच्या आकड्यावर जाऊन बसावेत एवढा कमी होत नाही. मुलांनी उत्तर आधी लिहिलं आणि रीडिंग नंतर बसवली. तसं करायला त्यांना आपणच शिकवलं आहे, कारण व्हॅल्यू ‘बरोबर’ आली तरच जर्नलवर सही होते आणि परीक्षेत एक्स्टर्नलही तीच व्हॅल्यू बघतात.

तीन वर्षं असं केलेला विद्यार्थी प्रकल्पाकडे वळतो तेव्हा काय होतं, तेही आपल्याला ठाऊक आहे. पुण्याच्या विद्यार्थ्याला बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ आणि मुंबईच्या विद्यार्थ्याला लॅमिंग्टन रोडवर तयार किट मिळतं. रेन अलार्म, वॉटर लेव्हल इंडिकेटर, क्लॅप स्विच, फायर अलार्म. डाग देऊन सर्किट जोडायचं, दिवा लागतो की नाही बघायचं, प्रस्तावनेत ट्रान्झिस्टरचा इतिहास लिहायचा आणि सोनेरी अक्षरांचं ब्लॅक बुक, म्हणजे प्रकल्पाचा अहवाल, बांधून घ्यायचं. अलीकडे प्रस्तावना लिहायचीही गरज उरलेली नाही, ती मोबाइलवर मागितली की मिळते. सर्किट जोडता येणं हे चांगलंच कौशल्य आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण त्या अख्ख्या ब्लॅक बुकात विद्यार्थ्याला आधी माहीत नसलेलं आणि त्याने स्वतः मोजून काढलेलं एकही वाक्य नसतं. भौतिकशास्त्राच्या पदवीत असं एक तरी वाक्य असायला हवं, एवढंच माझं मागणं आहे.

ते शक्य आहे का, हा प्रश्न नेहमी येतो. ‘आपल्या पोरांना हे झेपत नाही’ हे वाक्य मी स्टाफरूममध्ये पुष्कळदा ऐकलं आहे. म्हणून एक उदाहरण जरा तपशिलात सांगते.

एस.वाय.च्या दोन मुलींनी विचारलं, “मॅडम, जुना माठ पाणी गार का करत नाही?” घरोघरी ऐकू येणारी तक्रार. पहिल्यांदा पुस्तकात उत्तर शोधलं. बाष्पीभवनाने पाणी थंड होतं, इतपत सापडलं. मग त्यांना विचारलं, की ‘गार करत नाही’ याचा अर्थ नक्की काय मोजायचा? पाण्याचं तापमान, की तापमान उतरायला लागणारा वेळ, की झिरपून उडून जाणारं पाणी? हे ठरवण्यात दोन आठवडे गेले, आणि माझ्या मते त्या प्रकल्पातले ते सर्वांत मोलाचे आठवडे होते.

एक नवा माठ आणि एक तीन-चार उन्हाळे वापरलेला माठ, दोन्ही सारख्या मापाचे. किराणा दुकानदाराकडून इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला. आर्डुइनो हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा सर्किट बोर्ड आणि पाण्यात बुडवता येणारे तापमानाचे सेन्सर, काहीशे रुपयांत झालं. पहिल्याच दिवशी एकाच बादलीत बुडवलेले दोन सेन्सर दोन वेगवेगळी तापमानं दाखवू लागले. एक सेन्सर खराब आहे असं समजून मुली तो बदलून मागायला आल्या. त्या सेन्सरच्या माहितीपत्रकात अर्ध्या अंशाची खोट मान्य केलेली असते, हे मी त्यांना वाचायला लावलं. मग दोन्ही वितळत्या बर्फात ठेवून कुठला किती चुकतो ते त्यांनी नोंदवलं. कॅलिब्रेशन, म्हणजे उपकरण किती चुकतं ते तपासणं, हा धडा आम्ही पहिल्या वर्षाला शिकवतो, परीक्षेला विचारतो. तो त्यांना कळला तो त्या बर्फाच्या भांड्यापाशी.

काट्याचंही तेच. पाच ग्रॅमपेक्षा बारीक फरक तो दाखवत नव्हता आणि अर्ध्या तासात माठाचं वजन जेमतेम पंधरा-वीस ग्रॅमने घटत होतं. म्हणजे मोजमापाची अनिश्चितता घटीच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्श्याएवढी. एकीने सुचवलं की अर्ध्या तासाऐवजी दोन तासांनी वजन करू. अगदी साधी युक्ती, पण ती तिची होती.

पुढे हिशेब मांडला. १० लिटर पाणी १० अंशांनी थंड करायचं तर सुमारे ४२० किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. एक किलो पाण्याची वाफ व्हायला त्या तापमानाला साधारण २४३० किलोज्यूल लागतात. भागाकार केला तर जेमतेम १७० ग्रॅम पाणी उडायला हवं. प्रत्यक्षात दिवसभरात त्याच्या कितीतरी पट पाणी उडालं होतं, आणि तापमान मात्र एका पातळीवर येऊन थांबलं होतं. मुली घाबरल्या, त्यांना वाटलं काहीतरी चुकलं. बाहेरची गरम हवा माठाला सतत उष्णता देत असते आणि उडणाऱ्या पाण्यातला मोठा वाटा तीच उष्णता परतवण्यात खर्च होतो, हे त्यांनी चार दिवस डोकं खाजवून शोधलं. त्यातून दुसरा प्रश्न निघाला: मग माठातलं पाणी जास्तीत जास्त किती थंड होऊ शकेल? ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर पंख्यासमोर ठेवून त्यांनी ती मर्यादाही पाहिली. हवा ४० अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल तर ती २२-२३ अंशांच्या आसपास येते. कोकणातल्या मावशीकडे माठ तितका गार का होत नाही, हे मग एकीने आपणहून सांगितलं.

जुन्या माठातून पाणी कमी उडत होतं, हे त्यांच्या आकड्यांतून दिसलं. छिद्रं विहिरीच्या जड पाण्यातल्या क्षारांनी बुजली असावीत असा त्यांचा अंदाज. तो सिद्ध झाला नाही. माठ घासून, व्हिनेगरने धुऊन पाहिला तर फरक काट्याच्या अनिश्चिततेतच हरवला. त्यांनी अहवालात तसंच लिहिलं: ‘फरक पडला की नाही हे आमच्या साधनांनी सांगता येत नाही.’ बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “मग निष्कर्ष काय? मॉडेल कुठे आहे?” आणि त्यांना शेजारच्या टेबलावरच्या फायर अलार्मपेक्षा कमी गुण मिळाले. परीक्षकांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्यांच्या हातात जो गुणतक्ता होता त्यात ‘कार्यरत प्रतिकृती’, ‘सादरीकरण’ आणि ‘अहवालाची बांधणी’ असे रकाने होते. विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न, मोजमापातली अनिश्चितता, फसलेल्या प्रयत्नाची नोंद, यांपैकी कशालाही रकाना नव्हता. तो तक्ता अभ्यास मंडळ बदलू शकतं. हे पत्र आपल्याला लिहिण्याचं कारण हेच.

माझी पहिली विनंती या रकान्यांची आहे. प्रकल्पाचे निम्मे गुण वहीला द्यावेत. पानांना क्रमांक घातलेली, तारखा असलेली, पेनने लिहिलेली आणि खाडाखोड तशीच ठेवलेली वही. बांधलेला अहवाल कुणाकडूनही करून घेता येतो. तीन महिन्यांची वही, ज्यात मंगळवारची रीडिंग शुक्रवारी का टाकून दिली हे लिहिलं आहे, ती एका रात्रीत तयार करणं फार अवघड असतं, आणि तोंडी परीक्षेत त्यावर पाच प्रश्न विचारले की खरंखोटं लगेच कळतं. उरलेल्या गुणांत प्रश्नाची मांडणी आणि अनिश्चिततेचा हिशेब यांना स्पष्ट जागा हवी. ‘परिणाम दिसला नाही’ या निष्कर्षालाही पूर्ण गुण मिळू शकतात, हे वाक्य नियमांत छापलेलं असावं. ते छापलेलं नसेल तर कुठलाही शहाणा विद्यार्थी धोका पत्करणार नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात ‘ऑनर्स विथ रिसर्च’ ही पदवी चौथ्या वर्षात आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असणाऱ्यांनाच ती घेता येते आणि तिच्यात १२ क्रेडिटचा प्रकल्प असतो. ती अट आपल्या हातात नाही, हे मला कळतं. पण आमच्यासारख्या महाविद्यालयांतली बहुसंख्य मुलं तीन वर्षांनी बाहेर पडतात. कुणी बी.एड.ला जातं, कुणी स्पर्धा परीक्षांच्या मागे लागतं, कुणी थेट कंपनीत. संशोधनाची चव चौथ्या वर्षासाठी राखून ठेवली तर यांतल्या कुणालाच ती मिळणार नाही. आणि उद्या शाळेत विज्ञान शिकवणार आहेत ते यांच्यातलेच. दुसऱ्या वर्षाच्या फील्ड प्रोजेक्टला दोन क्रेडिट आहेत, म्हणजे साधारण ६० तास. भौतिकशास्त्राच्या मुलांसाठी हे ६० तास एका मोजण्याजोग्या प्रश्नाला द्यावेत, गुणांची कोणतीही अट न घालता. लेखी परीक्षेत ५० टक्क्यांवर अडकलेली मुलं प्रयोगात किती वेगळी दिसतात, हे प्रयोगशाळेत उभं राहणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे.

प्रश्न कुठून आणायचे, अशी शंका सहकारी विचारतात. मला ती शंका खरी वाटत नाही. आमच्याकडे हलगी वाजवणाऱ्या घरातला एक मुलगा आहे. वाजवण्याआधी हलगी शेकतात, कातडं ताणलं जातं आणि आवाज चढतो. शेकल्यानंतर तो चढलेला स्वर किती मिनिटांत उतरतो? पावसाळी दिवशी लवकर उतरतो का? फोनच्या मायक्रोफोनने वारंवारता मोजता येते, आखेन विद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स हे ॲप फुकट आहे. याच धाग्यावर मागे जायचं तर सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये तबला-मृदंगाच्या स्वरांवर लिहिलं होतं; शाईमुळे त्यांचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत कसे येतात, हे त्यात होतं. हलगीला शाई नसते, तेव्हा तिचे स्वर कसे असतील? एवढ्यावर दोन बॅचचं काम आहे. एस.टी.च्या मागच्या सीटवर बसणारे धक्के, एलईडी दिव्यांचं लुकलुकणं, पत्र्याच्या छताखाली आणि कौलारू छताखाली दुपारी पडणारा फरक, असे कितीतरी प्रश्न मुलांच्या रोजच्या जाण्यायेण्यात पडलेले आहेत. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरने कॉलेजांच्या प्रयोगांसाठी बनवलेलं एक्सपआईज हे स्वस्त उपकरण बऱ्याच ठिकाणी कपाटात बंद आहे. ते बाहेर काढलं तर निम्मी अडचण दूर होते.

रामन यांचं नाव आलंच आहे तर आणखी एक सांगते. त्यांचा पहिला शोधनिबंध १९०६ मध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये छापून आला तेव्हा ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत होते, वय १८. कॉलेजच्या स्पेक्ट्रोमीटरवर प्रिझमचा कोन मोजताना त्यांना विवर्तनाचे, म्हणजे कडेपाशी प्रकाश वळल्याने उमटणारे पट्टे दिसले, आणि ते दोन्ही बाजूंना सारखे का नाहीत हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. हाच प्रयोग आपल्या अभ्यासक्रमात आजही आहे. त्याच कॉलेजातल्या, पुढे खगोलभौतिकशास्त्रज्ञ झालेल्या एस. चंद्रशेखर यांचा निबंध १९२९ मध्ये रॉयल सोसायटीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये आला तेव्हा ते पदवीचेच विद्यार्थी होते. प्रत्येक मूल रामन होईल असं मी म्हणत नाही. पण प्रिझम फिरवताना एखादीला काही वेगळं दिसलंच, तर “ते सोड, तुझी रीडिंग पूर्ण कर, बॅचची वेळ संपत आली” असं तिला ऐकावं लागू नये. तिला शनिवारी परत येऊन तेच बघता यावं.

म्हणून प्रयोगशाळा आठवड्यातून एक दुपार उघडी राहावी, अशी तरतूद अभ्यासक्रमातच असावी. तिथे ठरलेला प्रयोग नाही, बॅच नाही. एक शिक्षक आणि एक प्रयोगशाळा सहायक मात्र हवा. यातून शिक्षकांच्या वर्कलोडचा मुद्दा येतो आणि तो टाळून चालणार नाही. पाच प्रकल्पांना खरं मार्गदर्शन करायचं तर आठवड्याचे चार-पाच तास जातात, पण वेळापत्रकात ते तास बहुधा दिसतच नाहीत. कित्येक विभाग आज तासिका तत्त्वावरच्या तरुण प्राध्यापकांच्या जिवावर चालले आहेत. त्यांना घेतलेल्या तासिकेचे पैसे मिळतात. माठाजवळ उभं राहून घालवलेल्या संध्याकाळचे मिळत नाहीत. विद्यार्थ्याला ६० तास द्यायचे असतील तर मार्गदर्शकाचे तासही अभ्यासक्रमाच्या त्याच पानावर लिहिलेले असावेत. अभ्यास मंडळाला पगार ठरवता येत नाही, पण तासांचा आकडा छापता येतो. त्या छापील आकड्याच्या आधारावर प्राचार्यांशी आणि सहसंचालक कार्यालयाशी बोलता येतं, हे आम्ही अनुभवाने शिकलो आहोत.

बाहेरच्या संधी आहेत आणि त्या फार चांगल्या आहेत. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र २००४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी नियस हा कार्यक्रम चालवतं. तीन राष्ट्रीय विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप आहे, मुंबईची टीआयएफआर आणि पुण्याची आयुका या संशोधन संस्थांचे सुट्टीतले कार्यक्रम आहेत. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे आणि विज्ञान दिनाला तिथे कॉलेजची मुलं आपले प्रकल्प मांडतात. पण या कार्यक्रमांच्या जागा मोजक्या, आणि निवडीच्या वेळी ‘आधी काही स्वतंत्र काम केलं आहे का?’ हे विचारलं जाणं साहजिक आहे. शहरातल्या मोठ्या कॉलेजातल्या मुलीकडे दाखवायला काहीतरी असतं. आमच्या मुलीकडे ९८१ लिहिलेलं जर्नल असतं. तिच्या हातात स्वतःची एक वही असली तर ती त्या दारापर्यंत पोचेल. विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेतही हेच दिसतं. तिथे उत्तम कामं येतात, पण एका पोस्टरमागे वर्षभराची वही आहे की आठवड्याची धावपळ, हे परीक्षकांना काही मिनिटांत कळणार कसं?

आणखी एक छोटी सूचना, खर्च जवळजवळ शून्य. संपलेल्या प्रकल्पांच्या वह्या आणि मूळ आकडे विभागात जपून ठेवायची सक्ती करावी. सध्या ब्लॅक बुकं दोन वर्षांनी रद्दीत जातात. माठाचा प्रश्न जिथे थांबला तिथून पुढची बॅच सुरू करू शकेल. पाच ग्रॅमऐवजी एक ग्रॅमचा काटा आणून व्हिनेगरचा परिणाम खरंच होतो का ते बघेल. मागच्यांनी काय केलं ते वाचून पुढे जायचं, हे मुलांना एम.एस्सी.त सांगण्याऐवजी इथेच करू द्या.

स्वतंत्र प्रकल्प म्हणजे विद्यार्थ्याला एकटं सोडणं, असा अर्थ कृपया कुणी काढू नये. उलट यात शिक्षकाचं काम वाढतं. दोघा-तिघांचा गट, दर आठवड्याला अर्धा तास बोलणं, सुरक्षिततेची जबाबदारी, ‘हे मोजता येणार नाही, दुसरं बघा’ असं वेळेवर सांगणं, हे सगळं शिक्षकालाच करायचं आहे. आपल्यालाही उत्तर माहीत नसलेल्या प्रश्नासमोर विद्यार्थ्याबरोबर उभं राहायची सवय आपल्यातल्या अनेकांना नाही, कारण आपल्यालाही तसं कुणी शिकवलेलं नाही. त्यासाठी दर वर्षी विद्यापीठ पातळीवर शिक्षकांची दोन दिवसांची कार्यशाळा घ्यावी. तिथे व्याख्यानं नकोत. शिक्षकांनीच एक प्रश्न घेऊन दोन दिवस मोजमाप करावं आणि शेवटी आपापल्या वह्या एकमेकांना तपासायला द्याव्यात.

वही, प्रश्न, अनिश्चितता आणि तोंडी परीक्षा यांची गुणविभागणी दाखवणारा एका पानाचा मसुदा मी आणि शेजारच्या तालुक्यांतल्या काही सहकाऱ्यांनी तयार केला आहे. तो आपल्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा ही विनंती. चर्चेला बोलावलंत तर आम्ही स्वखर्चाने येऊ, आणि येताना माठवाल्या मुलींची वही घेऊन येऊ.

आपली,
पदवी वर्गांना भौतिकशास्त्र शिकवणारी एक प्राध्यापिका